गुडघा माझा, नवस इंदुबाईंचा

गुडघ्यात सुई घालण्याआधी मी प्रत्येक पेशंटला विचारतो, साखर आहे का. मग विचारतो, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतो, "नवस बोललायत का?"

नवे ज्युनियर डॉक्टर हा शेवटचा प्रश्न ऐकून एकमेकांकडे बघतात. म्हातारा कामातून गेला, असं त्यांना वाटत असणार. मी समजावत बसत नाही. माझ्याकडे काही महिने काढले की त्यांचं त्यांनाच समजतं. चेन्नईत गुडघा दुखायला लागला की माणूस आधी तेल चोळतो, मग देवाला सांगतो आणि मग नाइलाज झाला की माझ्याकडे येतो. देवाला काय सांगतो? 'बरा कर, तुझा डोंगर चालत चढून येईन.' डोंगर म्हणजे तिरुपतीच्या बालाजीचा, तिरुमलाचा, तळापासून माथ्यापर्यंत, पायऱ्यांनी. त्यातही वरच्या टप्प्यात एक उभी चढण अशी आहे की तिथे भाविक पायरीपायरीला गुडघे टेकवत चढतात. मी इंजेक्शन देऊन दुखणं कमी करायचं, त्याचं श्रेय पेशंटने देवाला द्यायचं आणि डोंगर चढून सुजलेला गुडघा मात्र परत माझ्याकडे आणायचा, अशी ही पद्धत आहे. इतक्या वर्षांत एकाही माणसाने 'बरा झालो तर महिनाभर पाय वर करून पडून राहीन' असा नवस बोललेला मी ऐकला नाही.

मी मूळचा कराडकडचा. हाडांचं शिकायला मद्रासला आलो, शिकता शिकता मद्रासचं चेन्नई झालं आणि परत जायचं राहूनच गेलं. अड्यारला दवाखाना आहे. तमिळमध्ये सुईला 'ऊसी' म्हणतात, म्हणून रिक्षावाल्यांपासून सगळे मला 'ऊसी डॉक्टर' म्हणतात. शस्त्रक्रियाही केल्या मी, बऱ्याच केल्या. पण त्या कुणाच्या लक्षात नाहीत. ज्याने हाड जोडलं त्याला माणसं विसरतात, ज्याने टोचलं त्याला विसरत नाहीत.

आता माझी स्वतःची पात्रता सांगतो. होस्टेलमध्ये असताना एका मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून जॉर्ज टाउनमध्ये निघालो होतो. पावसाने रस्ता निसरडा, समोर हातगाडी. मित्र हातगाडीच्या एका बाजूने गेला, मी दुसऱ्या बाजूने. उजव्या गुडघ्यातली गादी फाटली. त्या काळी फाटलेली गादी शिवायची नसते, काढून टाकायची असते, असं सगळे शहाणे लोक मानत. माझ्या सरांनीही ती काढली आणि बरणीत घालून मला दाखवली. मी त्यांचे आभार मानले. आज तो गुडघा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा आहे.

मार लागलेल्या गुडघ्याचं हेच वैशिष्ट्य. वयाने झिजतात ते गुडघे जोडीने झिजतात, नवरा-बायकोसारखे, एकमेकांना दोष देत. मार लागलेला गुडघा मात्र एकटाच आधी म्हातारा होतो. हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत थर असतो, त्याला कूर्चा म्हणतात. तव्याच्या कोटिंगसारखा तो असतो. एकदा खरवडला की पुन्हा येत नाही, आणि मग सगळंच चिकटायला, करकरायला लागतं. गादी काढली, लिगामेंट तुटलं, हाड सांध्यातून मोडलं, की खरवडणं त्याच दिवशी सुरू होतं. पेशंटला ते पंधरा-वीस वर्षांनी कळतं.

माझ्याकडच्या सुयांचं म्हणाल तर स्टिरॉइड ही सर्वांत जुनी. ती आतली सूज दाबते, काही आठवडे, नशीब असेल तर काही महिने. सारखी सारखी दिली तर उरलासुरला थरही खराब करते आणि साखर असलेल्याची साखर काही दिवस चढवते. या शहरात साखर नसलेला पेशंट मला शोधावा लागतो. दुसरं जेल. हे सांध्यातल्या वंगणासारखं असतं. कुणाला छान लागू पडतं, कुणाला काहीच होत नाही, आणि कुणाला लागू पडेल हे मला आधी सांगता येत नाही. मी फक्त सांगता येत असल्यासारखा चेहरा करतो. तिसरं, पेशंटचंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं आणि त्यातला वरचा पिवळा भाग गुडघ्यात घालायचा. हे आलं तेव्हा मी व्याख्यानं दिली होती. स्लाइड दाखवल्या होत्या. आता विचाराल तर सांगेन की काही जणांना बरं वाटतं, कुणाचाही थर उगवत नाही, आणि त्या स्लाइड मी पुसून टाकल्या आहेत.

हात धुऊन, जागा तीन-तीनदा पुसून, वाटीच्या बाहेरच्या कडेखालून सुई घालायची. आत पाणी साठलं असेल तर आधी ते ओढायचं. खरी भीती एकच असते, आत जंतू जाण्याची. बाकी दुखण्याबद्दल मी प्रत्येकाला ठरलेलं वाक्य सांगतो, "एरुंबु कडिच्च मादिरी." मुंगी चावल्यासारखं. हे मी इतक्या खात्रीने सांगतो की वाटावं, स्वतः रोज टोचून घेतो. खरं म्हणजे माझ्या गुडघ्याला मी कधी सुई लागू दिली नव्हती. माझा त्या सुईवर पूर्ण विश्वास होता, फक्त इतरांच्या गुडघ्यापुरता.

लंगडणं लपवणं मात्र मला छान जमलं होतं. पेशंट आत येण्याआधी मी खुर्चीत असायचो आणि तो गेल्याशिवाय उठायचो नाही. उठावंच लागलं तर बोलत बोलत, टेबलाला हात लावत जायचो, विचारात गढलेल्या माणसासारखा. एकदा पुण्याचा एक पोरगा आला. ओएमआर या आयटीवाल्यांच्या रस्त्यावर कंपनीत, टर्फवर फुटबॉल खेळताना गुडघा मुरगळून घेतलेला. त्याने बरंच काही वाचून ठेवलं होतं. म्हणाला, "सर, थर परत वाढवणारंच काहीतरी द्या ना. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

मी म्हणालो, "बाबा रे, तसं इंजेक्शन असतं तर मी आधी स्वतःला नसतं का टोचलं?"

"हो सर, ते दिसतंच आहे," तो म्हणाला. मग त्याने सांगितलं की खाली सुरक्षारक्षकाला गुडघ्याचे डॉक्टर कुठले म्हणून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, दुसरा मजला, लंगडतात तेच. मी त्या दिवशी पहिल्यांदाच जिना सोडून लिफ्टने खाली उतरलो.

इथल्या पेशंटांनी मला धीर धरायला शिकवलं. जॉर्ज टाउनमधले लोखंडाचे एक व्यापारी होते, पाइपांची चळत पायावर कोसळून गुडघा गेलेला. सगळी तयारी झाली, हातमोजे चढवले, सुई भरली, आणि हे गृहस्थ घड्याळ बघून म्हणाले, राहुकाळ संपायचा आहे, जरा थांबा. मी निर्जंतुक केलेले हात हवेत धरून, शरण आलेल्या चोरासारखा उभा राहिलो. राहुकाळ संपला, सुई दिली, तर म्हणाले, मुहूर्त चांगला आहे, दुसऱ्या गुडघ्यातही घालून टाका. त्या दुसऱ्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. तेव्हापासून राहुकाळात मी अपॉइंटमेंट देत नाही, कॉफी पितो.

पण सांगायचं आहे ते सेतुमाधव मास्तरांबद्दल आणि त्यांच्या बायकोबद्दल, इंदुबाईंबद्दल.

मास्तर शाळेत पी.टी. शिकवायचे. तंजावरकडचे मराठी, घराणं कित्येक पिढ्या तिकडचं, आता मुक्काम सैदापेटला. तरुणपणी बॉल बॅडमिंटन खेळताना गुडघ्यातलं हाड मोडलं होतं. पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांच्याशी तमिळमध्ये बोललो आणि त्यांनी मला मराठीत उत्तर दिलं. ते मराठी ऐकून मी क्षणभर चाचरलो. माझ्या पणजोबांच्या पत्रांत असावं तसं, आणि वर तमिळ हेल.

"डाक्टर, मज एक महिन्यापुरतां गुडघा द्या," ते म्हणाले. "पुढें काय व्हायचें तें होऊं दे."

मी माझे ठरलेले प्रश्न विचारले. साखर नव्हती. गोळी नव्हती. नवसाचं विचारताच मास्तरांनी बायकोकडे बोट केलं.

"नवस हिचा. गुडघा माझा."

इंदुबाई लहानखुऱ्या, जाड चष्म्याच्या. माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होत्या. मला वाटलं, रागावल्यात. मग त्यांनीच सांगितलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग जात चालला होता. समोरच्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही, कडेचा पंखा, कॅलेंडर दिसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कडेने बघायची सवय करायला शिकवलं होतं, आणि उरलंय तेही टिकेल याची खात्री नाही हेही सांगितलं होतं.

"ह्यांचा पाय मोडला तेव्हां बोललें," त्या म्हणाल्या, "पाय राहिला तर दोघें चालत येऊं. पाय राहिला. चालणें झालें नाहीं. तेव्हांपासून मी डोंगरावर गेलें नाहीं."

"एकदाही?"

"चालत येतें म्हणून सांगून बशीनें कुठल्या तोंडानें जाऊं?"

लग्नं झाली, नातवंडं झाली, अख्खं घर बस करून डोंगरावर जाऊन आलं. या बाई दर वेळी घरी थांबल्या. आता डोळे चालले होते. देवाला बघायचं तर आत्ताच, आणि बघायचं तर चालतच, आणि चालायचं तर मास्तरांना घेऊनच. सगळी गाडी त्या एका गुडघ्यावर अडली होती.

मी नेहमीसारखा शहाणपणा केला. म्हणालो, "इंदुबाई, देव समजून घेईल हो."

"देव घेईल," त्या माझ्या कानाला म्हणाल्या, "मज समजत नाहीं, त्याला काय करूं?"

यावर आमच्या शास्त्रात औषध नाही. मी मास्तरांच्या गुडघ्यातलं पाणी काढलं, स्टिरॉइड दिलं आणि तीनदा बजावलं: दोन दिवस विश्रांती, दोन आठवडे जिने नाहीत, डोंगराचं नाव काढायचं नाही. सूज उतरू दे, मांडी बळकट करायचे व्यायाम देतो, मग बघू. सुईत भुलीचं औषध मिसळलेलं असतं. त्यामुळे पहिले दोन तास गुडघा वीस वर्षांचा झाल्यासारखा वाटतो. "त्या दोन तासांत गुडघा जे बोलेल त्यावर विश्वास ठेवू नका," हेही मी सांगितलं. प्रत्येकाला सांगतो.

आठवड्याच्या आत मास्तर परत आले, इंदुबाईंच्या खांद्यावर हात ठेवून. गुडघा फणसासारखा सुजलेला.

"काय केलंत?"

"चुम्मा," मास्तर म्हणाले, म्हणजे तमिळमध्ये उगीच, सहज. "चुम्मा जरा परंगीमलै चढून पाहिलों."

परंगीमलै म्हणजे विमानतळाजवळची टेकडी. वर चर्च आहे आणि खालून वरपर्यंत पायऱ्या. मास्तरांना दुखेना, म्हणून सराव करायला गेले होते. एकदा चढून दुखलं नाही म्हणून उतरून परत चढले होते. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना 'आधी वॉर्मअप' म्हणून शिट्ट्या मारल्या, त्याने हे केलं होतं.

मी चिडलो. खूपच चिडलो. म्हणालो, दुखणं हा घरातला धुराचा भोंगा असतो, मी फक्त भोंग्याचा आवाज कमी केला होता, आग विझवली नव्हती, आणि तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन रॉकेल ओतलंत. वगैरे वगैरे. मास्तर वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखे ऐकत होते. इंदुबाई मध्येच म्हणाल्या, "डाक्टर, त्यांवर ओरडूं नका. मीच म्हटलें, जाऊन पाहा." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मला फार वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी जास्तच तांत्रिक बोलायला लागतो, तसा बोलत राहिलो.

त्यानंतरचे महिने आम्ही तिघांनी गुडघ्याच्या सेवेत घालवले. स्टिरॉइड लगेच परत देता येत नाही. रक्ताचा प्रयोग करून पाहू म्हटलं. मास्तरांच्या दंडातून रक्त काढलं, यंत्रात फिरवलं, गुडघ्यात घातलं. इंदुबाईंनी सगळं कडेने नीट पाहिलं आणि विचारलं, "त्यांचेंच काढून त्यांतच घातलां. मग तुम्ही काय घातलां?" याचं उत्तर मी व्याख्यानांत देत असे, त्या दिवशी आठवलं नाही. नंतर जेल दिलं. त्याने मास्तरांना बरं वाटलं, की रक्ताने वाटलं, की नुसतं दिवस गेल्याने वाटलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. माझ्या मते खरं काम व्यायामाने केलं. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, धरायचा, खाली ठेवायचा, इतका कंटाळवाणा व्यायाम की कुणी करत नाही. मास्तरही करत नसत. मग इंदुबाईंनी त्यांचीच जुनी शिट्टी शोधून काढली आणि सकाळ-संध्याकाळ समोर बसून फुंकायला लागल्या. शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणे.

कार्तिक संपता संपता मास्तर माझ्यासमोर न टेकता खुर्चीतून उठले. इंदुबाई म्हणाल्या, "मज आता कॅलेंडरावरचे आंकडे दिसत नाहींत."

मी अटी घातल्या. चढायच्या आधी सुई मिळणार नाही. भोंगा चालू ठेवूनच चढायचं. काठी हवी, पट्टा हवा, दर टप्प्याला बसायचं, दिवस लागला तर लागू दे, आणि उतरायचं बसनेच. नवसात उतरण्याचा उल्लेख आहे का, असं मी विचारून घेतलं. नव्हता. आणि मग, का ते देव जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "मी येतो सोबत."

घरी सांगितल्यावर बायको इतकंच म्हणाली, "कुठल्या गुडघ्यावर?"

तिरुमलाच्या पायऱ्या जिथून सुरू होतात त्या अलिपिरीच्या पायथ्याशी आम्ही उजाडताना पोचलो. माझ्या पाठीवर औषधांची पिशवी होती, मास्तरांच्या हातात काठी होती, आणि इंदुबाईंच्या हातात मास्तर होते. ती जोडी बघण्यासारखी होती. पायरीची कड मास्तर सांगायचे, वजन इंदुबाई घ्यायच्या. "पायरी. पायरी. सपाट. पायरी." दोघांत मिळून एक धड माणूस चालला होता. मी पुढे होतो, मागे वळून सूचना देत होतो: श्वास घ्या, चांगला पाय आधी, घाई नको. बायका पायरीपायरीला हळद-कुंकू लावत बाजूने चढत होत्या. त्यातल्या एकीने मास्तरांना विचारलं, हे कोण, गाइड का?

पहिल्या गोपुरापर्यंत मी गाइड होतो. पुढे सपाटीवर मी त्यांच्या बरोबरीने चालत होतो. त्यानंतर मी निसर्ग बघायला थांबायला लागलो. हरणं दिसली की थांबायचो, नाही दिसली तर दिसतात का म्हणून थांबायचो. मी थांबलो की मास्तरही काठी टेकून थांबायचे. आयुष्यभर पोरांच्या थापा ऐकलेला माणूस, त्याला काय सांगायचं?

गुडघे टेकवायच्या चढणीपाशी आलो तेव्हा ऊन चढलं होतं. पायऱ्या उभ्या, आणि माणसं खरोखरच गुडघे टेकवत चढत होती. मी मनात म्हणत होतो, पुढच्या महिन्यात हे सगळे माझ्याकडे येणार. एवढं म्हणून मी उजवा पाय उचलला आणि तो अर्ध्यात अडकला. सरळ होईना, वाकेना. मी तसाच बाजूच्या कठड्यावर बसलो आणि, इतक्या वर्षांची माझी प्रतिष्ठा होती, ती बाजूला ठेवून मोठ्याने ओरडलो, "आई गं!"

मास्तर खाली बसले. माझ्याच पिशवीतून क्रेप बँडेज काढलं, माझी पँट वर केली आणि गुडघ्याला आठच्या आकड्यात गुंडाळायला लागले. "घाबरूं नका डाक्टर," ते म्हणाले, "एरुंबु कडिच्च मादिरी."

"तुम्ही दोघं पुढे जा," मी म्हणालो. "इथे रस्ता जवळ आहे, मला बस मिळेल."

इंदुबाई हलेनात. "तुम्हांस टाकून कसें जाऊं? आमच्यासाठीं आलांत."

"बाई, तुम्ही जाल तर मी आलो त्याचा काही उपयोग. नाही तर मी नुसता चुम्मा आलो."

त्या हसल्या. मग हात जोडून, डोंगराच्या दिशेने नव्हे, थोडं कडेला बघत काहीतरी पुटपुटल्या आणि मास्तरांचा हात धरून चढायला लागल्या. मास्तर गुडघे टेकवायला वाकलेले मला दिसले. मी खालून ओरडलो, "टेकायचे नाहीत! हात लावा! हात चालतो!" ते ऐकून आजूबाजूच्या दोन-चार लोकांनीही गुडघ्यांऐवजी हात लावले. माझ्या वैद्यकीय आयुष्यातला हा सगळ्यांत परिणामकारक सल्ला असावा.

मी लंगडत रस्त्यावर आलो, बस पकडली आणि नवस नसलेल्या माणसाच्या सुखाने वर जाऊन बसलो. दुपार कलली तेव्हा पायऱ्यांच्या शेवटाला ते दोघे दिसले. काठी इंदुबाईंच्या हातात होती आणि मास्तर हुज्जत घालत होते की शेवटची पायरी आपण विनाकाठीच चढलो. मला रडू आलं. मी चष्मा पुसायचं नाटक केलं; समोर जिला दिसत नव्हतं तिच्यापासून ते लपवायची काही गरज नव्हती.

दर्शनाच्या रांगेत मी गेलो नाही, उभं राहणं शक्यच नव्हतं. बाहेर वाट बघत बसलो. रांगेत कितीही तास गेले तरी देवासमोर माणसाला पापणी लवण्याइतकाच वेळ मिळतो, लगेच पुढे ढकलतात. तेवढ्यात या बाईंना काय दिसणार, याची मला धास्ती होती. त्या बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. त्यांनीच सांगितलं.

"समोर पाहिलें तर नाहीं दिसला. मग दिव्याकडे पाहिलें. दिव्याकडे पाहतां पाहतां कडेला उभा होता." त्यांनी चष्मा काढला. "दिसला, डाक्टर. पुरें झालें."

मास्तर दुसरीकडे बघत नाक शिंकरत होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आणि मघाशी पायऱ्यांवर काय पुटपुटलात?"

"तुमच्या गुडघ्यासाठीं बोललें. बरा झाला कीं तुम्हीही चालत याल."

मी हादरलो. म्हणालो, "अहो, मला न विचारता?"

"ह्यांस तरी कुठें विचारलें होतें?"

"इंदुबाई, माझा गुडघा बरा व्हायचा नाही. बदलावा लागेल. धातूचा बसवतील. मग तो धरतील का नवसाला?"

"देव पाय पाहील. कंपनी कुठें विचारतो तो?"

गुडघा बदलायची हिंमत अजून झालेली नाही. पण महिन्याभरापूर्वी रात्री कूस बदलणंही कठीण झालं तेव्हा मी माझ्याच दवाखान्यात, माझ्याच टेबलावर आडवा झालो. आता बहुतेक सुया नित्या देते. माझी विद्यार्थिनी, हात माझ्यापेक्षा चांगला. सोनोग्राफीवर बघत बघत ती अगदी अचूक जागी जाते. तिने तयारी केली आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारायला सुरुवात केली.

"सर, साखर?"

"थोडी."

"रक्त पातळ करणारी गोळी?"

"नाही."

"नवस?"

मी छताकडे बघत राहिलो. "आहे," मी म्हणालो.

"एरुंबु कडिच्च मादिरी, सर," ती म्हणाली आणि सुई घातली. ती मुंगी नव्हती. कुठल्याही जातीची मुंगी अशी चावत नाही. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटांना कराडचं मराठी ऐकू गेलं. नित्याने पट्टी लावली आणि माझंच भाषण माझ्याच सुरात म्हणून दाखवलं: दोन दिवस विश्रांती, दोन आठवडे जिने नाहीत, थर उगवत नाही, आणि पहिल्या दोन तासांत गुडघा जे बोलेल त्यावर विश्वास ठेवू नका.

मी उठलो, टेबलाला हात न लावता. पाय टेकला. काही झालं नाही. वाकवला, सरळ केला. काही झालं नाही. बाहेर आलो तर बाकावर मास्तर आणि इंदुबाई बसले होते, थर्मासमध्ये कॉफी घेऊन. इंदुबाईंना आता कडेचंही नीट दिसत नाही. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"दुखतें कां?"

"अजिबात नाही," मी म्हणालो.

"मग कधीं निघायचें?"

हे भुलीचं औषध बोलतंय, हे मला माहीत होतं. या शहरात ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मास्तर खिशातली शिट्टी चाचपत होते. नित्या दारात उभी राहून मान हलवत नको नको म्हणून खुणा करत होती.

"पोंगल झाला की," मी म्हणालो. "चालत."